दुनळीतले दोन चांदोबा

माझा मामा अख्ख्या गल्लीचा मामा आहे. बँकेत पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजीबाईंपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात. सख्खी भाची मी एकटी, पण त्यामुळे माझ्या वाट्याला कधी काही जास्त आलंय असं नाही.

तो त्या बँकेचा पहारेकरी. दारापाशी त्याच्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलेलं असतं, पण त्यावर त्याला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. तिथे कायम कुणाची तरी पिशवी, कुणाचं तरी हेल्मेट, नाहीतर पायऱ्या चढून दम लागलेलं कुणीतरी असतं. स्लिप कुठली भरायची, पेन कुणाकडे मिळेल, कुठल्या काउंटरवरच्या बाई आज चिडलेल्या आहेत, हे सगळं लोक मामालाच विचारतात. तो हळू आवाजात, कानाशी वाकून सांगतो. आणि हे सगळं चालू असताना त्याच्या डाव्या हातात ती दुनळी बंदूक असायची. पण तिच्याकडे पाहून कुणाला भीती वाटली नसेल. दुसऱ्याचं झोपलेलं मूल थोडा वेळ आपल्याकडे दिलेलं असावं, तशी तो ती धरायचा.

बंदूक त्याची स्वतःची होती. परवाना त्याच्या नावाचा. पहारेकरी पुरवणाऱ्या ज्या एजन्सीत तो होता, तिथे स्वतःची बंदूक असेल तरच हे काम मिळायचं. एजन्सीचं ऑफिस आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे गल्लीत पहारेकऱ्यांची बरीच घरं. संध्याकाळी कामावरून माणसं परतायची तेव्हा इतर गल्ल्यांत खांद्याला रिकाम्या डब्याची पिशवी दिसते, आमच्या गल्लीत पिशवीच्या जोडीला बंदूकही दिसायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. भाजीवाली तिला धक्का लागू नये म्हणून टोपली जरा आत ओढायची, एवढंच.

मामाला बंदुकीचा अभिमान होता असं मी म्हणणार नाही. त्याला अभिमान होता तो तिच्या रिकामेपणाचा. बँक बंद झाली की तिथेच तो काडतुसं काढायचा आणि कापडी थैलीत घालून खिशात ठेवायचा. घरी आला की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन ती वरच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डब्याला वेगळं कुलूप. मग खिडकीपाशी चटईवर बसून बंदुकीची कळ दाबायची, ती मधोमध मोडल्यासारखी उघडायची, नळ्या खिडकीकडे करून आतून पाहायचं आणि स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणायचं, "रिकामी." मग गज, चिंधी, तेल. शेवटी लोखंडी कपाट, त्याची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. घरात पाहुणे असोत, ताप असो, भांडण असो, यात बदल नाही. भांडण असलं तर "रिकामी" जरा जोरात, इतकंच.

"झोपली का माझी सवत?" मामी आतून विचारायची.

"झोपली."

"मग आता मोठ्या बायकोला चहा विचारा."

ही मामी म्हणजे मामाचं दुसरं टोक. तो एक शब्द बोलायचा, तर ती त्या शब्दाला शेपूट, शिंगं आणि आयाळ लावून परत करायची.

मामाची मुलगी, माझी ताई, नर्स आहे. लग्न होऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. भावोजींची नोकरी फिरतीची. तिची मुलगी साडेचार वर्षांची झाली, आणि तिला सांभाळणाऱ्या बाई गावी निघून गेल्या, तेव्हा मामी एका पायावर तयार झाली. आठवडाभर नात इथे, रविवारी तिकडे. नातीला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी ती फक्त झोपेत असते, आणि मामीच्या मते झोपेतही नाही.

ताई आली, पाणीही न पिता उभ्यानंच म्हणाली, "बाबा, एक बोलायचंय. ती बंदूक घरात असेल तर मी हिला ठेवणार नाही."

"अगं, तू स्वतः याच घरात वाढलीस," मामी म्हणाली.

"वाढले. तेव्हा मी वॉर्डात काम करत नव्हते."

वॉर्डात तिनं काय पाहिलं होतं ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मामानं तिला हाताला धरून सगळं दाखवलं. डबा, डब्याचं कुलूप, कपाट, गळ्यातली किल्ली. ताईनं प्रत्येक कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्यावर सोडते, बाबा. पण मला कधीही, एकदाही, जरा जरी काही कळलं, तर मी हिला घेऊन जाईन. मग तुम्ही रुसा नाहीतर रडा."

"कबूल," मामा म्हणाला.

असं भिंगरीचं या घरातलं राहणं त्या कुलपांवर ठरलं. मामाला ते पूर्ण ठाऊक होतं. ती आल्यावर त्याच्यात काय बदल झाला म्हणून सांगू? बँकेतून येताना हा माणूस कधी रस्त्यात थांबायचा नाही, तो आता फुगेवाल्याशी घासाघीस करताना दिसायला लागला. खांद्याला दुनळी, हातात गुलाबी फुगा.

भिंगरीच्या बाबतीत मामाचा एक विचार होता, आणि तो त्यानं बराच विचार करून केलेला होता. "लपवलं की पोरं शोधतात," तो म्हणायचा. "दाखवून टाकलं की नवल संपतं." म्हणून काडतुसं डब्यात जाऊन कुलूप लागलं की तो भिंगरीला हाक मारायचा. ती त्याच्या मांडीवर बसायची. तो बंदूक उघडायचा, उघड्या नळ्या खिडकीकडे धरायचा आणि तिला एक डोळा मिटून आत बघायला लावायचा. लांब, चकचकीत, काळोख्या नळ्या आणि त्यांच्या टोकाला उजेडाची दोन गोल वर्तुळं.

"काय दिसतं?"

"चांदोबा! दोन चांदोबा!"

"चांदोबा दिसले म्हणजे?"

"रिकामीऽऽ!"

गल्लीत याचं फार कौतुक झालं. मीही केलं. केरसुणी मांडीवर घेऊन भिंगरी बंदूक उघडायचा खेळ खेळायची. कळ दाबल्यासारखं करायची, डोळा लावायची, चिंधीनं पुसायची. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा मुलगा तिच्याच वयाचा, त्याला सगळे बटण म्हणतात. तो तिच्यासमोर बसून हे सगळं श्रद्धेनं पाहायचा.

"बघा, माझ्या नातीनं एक दिवस माझी नोकरी नाही घेतली तर," मामा म्हणायचा. मामी म्हणायची, "घेऊ दे. तुमच्यापेक्षा बरं झाडते तरी."

मग तो दिवस आला. उन्हाळा होता. बँकेत पंखा बंद पडला होता आणि मामा दिवसभर घामानं निथळत होता. घरी आला तेव्हा मामी भाजी आणायला बाहेर पडत होती. "आधी आंघोळ करा," ती जिन्यातूनच म्हणाली, "मग काय ती पूजा मांडा तुमच्या सवतीची." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामानं क्रम बदलला. बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं. पँट खुंटीला अडकवली, थैली तिच्या खिशात तशीच. ओला दोरा मानेला काचतो म्हणून किल्ली काढून खुर्चीच्या पाठीला लटकवली. आणि मोरीत गेला. दोनच मिनिटांत येतो, असं स्वतःशी म्हणून.

साबण लावताना त्याला बाहेरून बटणचा आवाज आला. "मला नाही दिसत चांदोबा. एकपण नाही. काळोख आहे."

मामा सांगतो, तेव्हा त्याला आधी हसूच आलं. केरसुणीत कुठला चांदोबा, असं त्याच्या मनात आलं. आणि मग भिंगरीचा आवाज आला: "थांब ना, आधी उघडावी लागते. खूप घट्ट आहे."

तो टॉवेल गुंडाळून दारात आला. कपाट उघडं होतं. चटई अंथरलेली होती, तिच्यावर चिंधी, तेलाची बाटली, सगळं जागच्या जागी. नळ्यांना चरा पडू नये म्हणून तो खाली उशी ठेवायचा, तशी उशीसुद्धा होती. दस्ता भिंगरीच्या मांडीवर होता आणि ती दोन्ही अंगठ्यांनी कळ दाबत होती. तिची बाकीची बोटं खाली, चापाच्या आसपास कुठेतरी. बंदूक मिटलेली. आणि उशीच्या पलीकडे बटण पोटावर झोपून, एक डोळा घट्ट मिटून, दुसरा डोळा नळीच्या तोंडाला लावून पडला होता.

मामा ओरडला नाही. ओरडलो असतो तर ती दचकली असती, तो म्हणतो. तो रोजच्या आवाजात म्हणाला, "बटण, इकडे ये रे. माझ्या डोळ्यात साबण गेलाय. टॉवेल दे."

टॉवेल त्याच्या कमरेलाच होता. पण बटण गुणी मुलगा, तो लगेच उठून आला. मामानं त्याला एका हातानं मागे घेतलं, दुसऱ्या हातानं दस्ता धरला. "बघू गं, आजोबांना दे." भिंगरीनं निमूट दिली, वर म्हणाली, "आजोबा, तुम्ही आंघोळीला गेलात ना, म्हणून मी बघत होते रिकामी आहे का."

त्यानं कळ दाबली. बंदूक उघडली. रिकामी होती. रिकामी आहे हे त्याला ठाऊकच होतं, स्वतःच्या हातांनी त्यानं ती बँकेत रिकामी केली होती. पण ती उघडून पाहीपर्यंत जे काही क्षण गेले त्यांत त्याला काहीच ठाऊक नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा. मग त्याची नजर खुंटीवरच्या पँटकडे गेली. खिसा थैलीनं फुगलेला होता. भिंगरी खुर्चीवर उभी राहिली असती तर हात पोचला असता. ती राहिली नाही, कारण काडतुसं डब्यात गेल्यावरच तिला रोज हाक यायची. काडतूस ही वस्तू तिनं कधी पाहिलीच नव्हती. तेवढं एकच शिकवायचं मामाकडून राहिलं होतं.

मामी परतली तेव्हा मामा टॉवेलवरच चटईवर बसलेला, अंगावरचा साबण वाळून पांढरा झालेला आणि दोन्ही पोरं त्याच्या दोन बाजूंना बिस्किटं खात होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. भाजीची पिशवी तिच्या हातातून सुटली, पण तिची जीभ फार वेळ अडकून राहत नाही.

"रिकामी होती ना?"

"होती."

"मग झालं तर. आणखी एक कुलूप लावा. किल्ली आंघोळीलासुद्धा काढू नका, गंजली तर गंजली. आणि हे बघा, कुणाला सांगायची गरज नाही."

"मी हिच्या आईला सांगणार आहे."

"वेडबिड लागलंय का? अहो, ती घेऊन जाईल पोरीला! तिनं सांगून ठेवलंय. काही झालंय का? नाही झालं ना?"

"नाही झालं म्हणून तर सांगायचंय," मामा म्हणाला. "झालं असतं तर सांगावं लागलं नसतं. सगळ्यांना आपोआप कळलं असतं."

मामी रडायला लागली. तिचं खोटं नव्हतं काही. घरात पुन्हा चिमणीएवढ्या चपला दिसायला लागल्या होत्या, आणि त्या जाणार होत्या.

तो आधी खालच्या मजल्यावर गेला. शिंपीणबाई एका साडीला फॉल लावत होत्या. मामानं उभ्यानंच, काही न गाळता सांगितलं. बटणचा डोळा कुठे होता तेही. मशीन थांबलं. शिंपीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, बटणला जवळ घेतलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसता बघत राहिल्या, कापडात कुठे भोक राहिलंय का बघावं तसा.

"मामा, तुम्ही वर जा आता," त्या शेवटी म्हणाल्या. "मला आत्ता काही बोलायचं नाही. बोलले तर वाईट बोलेन."

"बोला, बाई. ऐकून घेतो."

"जा म्हणते ना."

मग त्यानं ताईला फोन केला. मी तेव्हा तिथे पोचले होते. ताईचा आवाज बाहेर ऐकू येत नव्हता, मामाचं "हो", "हो", "नाही, माझीच" एवढंच ऐकू येत होतं. ड्यूटी संपल्यावर ती तडक आली. ओरडली नाही. भिंगरीचे कपडे भरले, फ्रॉक, रंगाच्या पेट्या, अर्धा फुटलेला फुगासुद्धा. भिंगरी विचारत होती, "आई, आज रविवार आहे का?" दारात ताई एकदाच थांबली. मामा म्हणाला, "रुसत नाही मी." रडत नाही असं मात्र तो म्हणाला नाही.

यानंतरचा मामा मला जास्त आवडतो, जरी तो त्या दिवसांत कुणालाच फारसा आवडत नव्हता. तो मॅनेजरसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, माझी बंदूक बँकेच्या तिजोरीच्या खोलीत ठेवून घ्या. साहेब म्हणाले, खाजगी वस्तू ठेवता येत नाही, नियम आहे. तो एजन्सीत गेला. ते म्हणाले, मामा, आम्हीच ठेवायला लागलो तर तुमची कशाला हवी? शहराच्या मध्यावर एक परवानाधारक बंदुकीचं दुकान आहे, ते सांभाळायला बंदूक ठेवून घेतात. पण ते बँकेनंतर उघडतं आणि बँकेआधी बंद होतं. म्हणजे रोज नेणं-आणणं जमणार नाही. बंदूक तिथे ठेवायची, तर बंदुकीची नोकरी नाही.

मामानं ती ठेवली. बँकेनं त्याला काढलं नाही, कारण तो गेला तर आजीबाईंच्या स्लिपा कोण भरणार? दारातच बिनबंदुकीचा शिपाई म्हणून ठेवलं, पगार उतरला. दुसऱ्या एका पहारेकऱ्याला बंदुकीसह आणलं. पहिल्या दिवशी मामाला आपल्या डाव्या हाताचं काय करावं तेच कळेना. तो कधी खिशात, कधी पाठीशी. शेवटी तो स्टुलाची पाठ धरायला गेला, पण स्टुलाला पाठ नसते.

"काय मामा, तोफ कुठे गेली?" लोक विचारायचे.

"तोफेला नोकरी सोडायची होती, मी म्हटलं जा," तो म्हणायचा. पण कुणी खरंच थांबून विचारलं, तर तो खरं सांगायचा. सगळं. साबणापासून. मामीला हे अजिबात सहन व्हायचं नाही. "लोक आपलं झाकून ठेवतात, हा माणूस दवंडी पिटतोय," ती मला म्हणायची.

तो गल्लीतल्या पहारेकऱ्यांकडेही गेला. प्रत्येकाच्या घरी, चहाच्या वेळेला, आमंत्रण नसताना. मी एका घरी त्याच्याबरोबर होते. ते घर मिशीचं. मिशी म्हणजे पतपेढीचा पहारेकरी, नाव काहीही असो, त्याच्या मिशा बघितल्यावर दुसरं काही तोंडात येत नाही. त्याचे दोन मुलगे खोलीत उड्या मारत होते. बंदूक दाराच्या खुंटीला, उंच.

"मामा, तुझ्यात आणि माझ्यात फरक आहे," मिशी म्हणाला. "तू लाड करतोस. मी एकदाच सांगून ठेवलंय, हात लावलात तर हात तोडीन. हिंमत नाही त्यांची."

"माझीनं हिंमत म्हणून नाही हात लावला रे," मामा म्हणाला.

"मग? खोडीच ना ती?"

"खोडी काढत असती तर मला बरं वाटलं असतं. खोडीला ओरडता येतं. ती काळजी घेत होती. मी घेतो तशी. उशीसुद्धा ठेवली होती तिनं." मामानं कप खाली ठेवला. "मी तिला शिकवलं की नळीत डोळा लावला म्हणजे काळजी. उघडी आणि मिटलेली यातला फरक तिला काय कळणार? तुझी पोरं काय शिकलीत, तुला माहितीये?"

मिशी हसला. म्हणाला, "माझी पोरं काहीच शिकत नाहीत, शाळेतसुद्धा नाही." मामा चहा पिऊन उठला. मला वाटलं, फुकट गेलं. पण त्यानंतर एका सुट्टीच्या सकाळी मामा दुकानात बंदुकीच्या कागदांवर सही करायला निघाला, तर कोपऱ्यावर मिशी उभा. खांद्याला बंदूक, कापडात गुंडाळलेली.

"मी नुसता तुझ्या सोबतीला येतोय," तो म्हणाला.

"ये की."

"दुकान कसं आहे ते बघायला."

"बघ ना."

"आणि खिदळू नकोस."

"मी कुठे?" मामा म्हणाला. मिशीनं बंदूक ठेवली नाही, हे इथेच सांगून टाकते. त्यानं दुकानातून एक जाडजूड पोलादी पेटी घेतली, दोन वेगवेगळ्या किल्ल्यांची, आणि ती भिंतीत बसवून घेतली. एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी बायकोकडे, म्हणजे दोघं मिळूनच उघडू शकतील. "आता भांडण झालं की नोकरी बुडणार," मिशीची बायको मामीला सांगायला आली होती. हळूहळू गल्लीत असं झालं, की एकीचं मूल दुसरीकडे खेळायला पाठवायचं तर ती सरळ विचारते, "तुमच्याकडची कुठे ठेवलीय?" पहिल्यांदा विचारणाऱ्या शिंपीणबाई होत्या. कुणी रागावलं नाही असं नाही. पण विचारणं थांबलं नाही.

ताई मात्र भिंगरीला राहायला आणत नव्हती. मधे महिनाभर तर आलीच नाही. मग रविवारी दुपारी यायला लागली, स्वतःही पूर्ण वेळ बसायची, आणि अंधार पडायच्या आत दोघी जायच्या. कपाटात आता गाद्या होत्या, ते तिनं पाहिलं. एकदा तिनं मामाला फक्त एवढं विचारलं, "न सांगता राहिला असतात तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"हं," ती म्हणाली, आणि भिंगरीच्या वेण्या घालायला लागली.

त्या रविवारांमध्ये मामानं भिंगरीला नवीन शिकवलं. या वेळी फार साधं: कुठेही, कुणाच्याही घरी बंदूक दिसली, तर हात लावायचा नाही, तिथून लांब जायचं, आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. खरी की खोटी ते आपण ठरवायचं नाही. रिकामी की भरलेली तेही नाही. तिनं दहादा विचारलं, "पण चांदोबा?" आणि तो दहाही वेळा म्हणाला, "चांदोबा माझी चूक होती." आजोबांची चूक असते, हे तिला फार आवडलं. ती ते सगळ्यांना सांगत सुटली.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही वरच्या खोलीत बसलो होतो. ताई आणि भिंगरी यायच्या होत्या. एकाएकी जिन्यातून किंकाळी आली.

"मोठी माणसंऽऽ! मोठी माणसंऽऽ!"

दारं धडाधड उघडली. शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवून, मामी पिठाच्या हातांनी, समोरच्या घरातून मिशी, एका गालावर दाढीचा फेस. मामा सगळ्यांच्या पुढे, एक पाय चपलेत, एक अनवाणी. भिंगरी जिन्याच्या खालच्या पायरीवर भिंतीला चिकटून उभी होती, तिनं बटणचाही हात घट्ट धरून त्याला मागे ओढलं होतं. पलीकडे कोपऱ्यात दोन लोखंडी नळ्या एकमेकींना बांधून उभ्या होत्या. शेजारी नळदुरुस्तीवाला बसून विडी पेटवत होता, तो दचकून उभाच राहिला.

"अहो, पाण्याचा पाइप आहे!" तो म्हणाला. "वरच्या टाकीचा!"

मिशीला हसू फुटलं, आणि फेस उडाला. मामीनं त्याला कोपरानं ढोसलं.

मामा खाली उतरला, भिंगरीच्या शेजारी उभा राहिला. "हात लावलास?"

"नाही."

"बटणला लावू दिलास?"

"नाही. मी हाक मारली."

"बरोबर केलंस," मामा म्हणाला. मग नळदुरुस्तीवाल्याला म्हणाला, "तेवढे ते जरा बाहेर ठेवा."

"अहो मामा, पण पाइप आहे तो."

"असेल. तिनं बोलावलंय ना आम्हाला. ठेवा बाहेर."

त्यानं ते उचलून बाहेर नेले, पुटपुटत. बटण आईकडे धावला. इतके रविवार भिंगरी आली की आई त्याला आत न्यायची, या खेपेला नेलं नाही. म्हणाली, "खेळा इथेच."

तेव्हा आम्हाला दिसलं, की ताई फाटकापाशी उभी आहे. रिक्षाचे पैसे देऊन येईपर्यंत भिंगरी पुढे पळाली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आत आली, जिन्याच्या कठड्याला टेकली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली.

"आई, उद्यापासून माझी सकाळची ड्यूटी आहे," ती मामीला म्हणाली. "हिला इथे ठेवू का?"

मामीला एकदम शब्द सापडेना, ही घटना गल्लीनं लक्षात ठेवायला हवी. "आणि कपडे?" ती कशीबशी म्हणाली. "कपडे कुठेयत पोरीचे?"

"आणलेत."

"आज ठरवून आलीस होय?"

"दर रविवारी आणते," ताई म्हणाली. "परत नेते."

नळदुरुस्तीवाल्यानं विडी विझवली.

"अहो, बघत काय राहिलात?" मामी मामावर ओरडली, डोळे पिठाच्या हातानंच पुसत. "पिशवी घ्या की तिच्या हातातली."

मामानं पिशवी घेतली. चार फ्रॉकांची ती पिशवी, त्यात वजन ते काय असणार? पण त्यानं ती दोन्ही हातांनी, छातीशी धरली, आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असा एकेक पायरी चढत वर गेला.